दुसऱ्या जॉयस्टिकला स्टार्ट नव्हतं

दिवाळीच्या आधी आमच्या घरात जवळपास महिनाभर एकच वाद चालू होता. घरात कोणता गेमिंग कन्सोल आणायचा? मुलगा अकरा वर्षांचा आहे, मुलगी आठची. मुलाचं उत्तर केव्हाच तयार होतं, कारण वर्गातल्या चौघांकडे तेच आहे. मुलीला कन्सोल नकोच होता. तिला कॅसिओचा कीबोर्ड हवा होता, वाजवायचा. बजेट एकाच गोष्टीचं. जेवताना पुन्हा विषय निघाला तेव्हा मुलगा वरणात भात कालवत शांतपणे म्हणाला, "पण बाबा, कीबोर्ड तिच्या एकटीचा होणार. कन्सोल सगळ्यांसाठी आहे ना."

माझा घास हातातच राहिला. हे वाक्य माझं होतं. १९९६ साली, कोल्हापुरात, जवळजवळ याच शब्दांत मी ते बाबांना ऐकवलं होतं.

त्या वर्षी मी सातवीत होतो आणि धाकटी चौथीत. दोघांच्याही स्कॉलरशिपच्या परीक्षा. बाबांनी वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर केलं होतं, जो यादीत येईल त्याला हवी ती वस्तू, हजार रुपयांपर्यंत. निकाल लागला. धाकटी यादीत आली, मी आलो नाही. तिनं सायकल मागितली. लेडीज सायकल, पुढे जाळीची टोपली असलेली. रंगसुद्धा ठरलेला होता, कारण पेपर सुरू व्हायच्या आधीच तिनं तो ठरवला होता.

आणि मग मी कामाला लागलो. गल्लीच्या तोंडाशी एक पार्लर होतं, तिथं दहा रुपये तासानं व्हिडिओ गेम खेळायला मिळायचा. माझे सगळे खाऊचे पैसे तिथंच जात. बाबांना मी आठवडाभर रोज तेच सांगितलं. सायकल काय, एकटीच चालवणार. व्हिडिओ गेम सगळ्यांचा. तुम्हीपण खेळाल, आईपण खेळेल. शेवटी लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानात दुकानदारानं खोका काउंटरवर ठेवला, तेव्हा त्यावरची इंग्रजी अक्षरं मी मोठ्यानं वाचून दाखवली. 'फॅमिली' असं लिहिलं होतं. पुढे 'कॉम्प्युटर'. बाबा पाटबंधारे खात्यात क्लार्क. त्यांच्या ऑफिसात नुकताच पहिला कॉम्प्युटर आला होता आणि त्याला हात लावायची परवानगी फक्त साहेबांना होती. त्या दोन शब्दांनी काम केलं. साडेनऊशे रुपये.

धाकटी दुकानाच्या पायरीवर बसली होती. काही बोलली नाही.

'फॅमिली' हा शब्द त्या खोक्यावर आला कुठून, हे मला अगदी अलीकडे कळलं, तेही या दिवाळीच्या वादामुळे वाचायला बसलो म्हणून. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ज्याला नुसतं 'व्हिडिओ गेम' म्हणायचे ते लाल-पांढरं, कधी करडं यंत्र म्हणजे निंटेंडोच्या 'फॅमिली कॉम्प्युटर'ची नक्कल. लाडकं नाव फॅमिकॉम. मूळ यंत्र जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी विक्रीला आलं, किंमत १४,८०० येन. निंटेंडो ही क्योतोची कंपनी, स्थापना १८८९ ची, आणि सुरुवातीचा धंदा पत्त्यांचा. हानाफुदा नावाचे फुलांच्या चित्रांचे जपानी पत्ते ती बनवायची. म्हणजे घरात चार माणसं गोल करून काय खेळतात, यावर ही कंपनी जवळजवळ शंभर वर्षं जगली होती. कंपनीचे प्रमुख हिरोशी यामाउची यांनी मासायुकी उएमुरा या इंजिनिअरकडे काम सोपवलं: कॅसेट बदलून खेळता येईल असं यंत्र बनव, आणि ते स्वस्त असलं पाहिजे. फॅमिकॉम हे सुटसुटीत नाव उएमुरांच्या बायकोनं सुचवलं असं ते स्वतः सांगत. गंमत अशी की हे नाव आधीच दुसऱ्या कुणाचं होतं. शार्प कंपनीनं ते एका ओव्हनसाठी नोंदवून ठेवलं होतं. आमच्या घरातल्या वादात तिसरा पक्ष आईचा होता आणि तिला मिक्सर हवा होता, त्यामुळे व्हिडिओ गेमच्या आधी स्वयंपाकघराचा हक्क होता हे वाचून मला जरा बरं वाटलं. आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "मग?"

आता थोडं मागं जाऊ, कारण 'सगळ्यांसाठी' ही भानगड फॅमिकॉमच्याही आधीची आहे.

घरातल्या टीव्हीवर खेळायचं पहिलं विकाऊ यंत्र अमेरिकेत १९७२ साली आलं. मॅग्नाव्हॉक्स कंपनीचं ओडिसी. त्यामागचा माणूस राल्फ बेअर, नाझी जर्मनीतून किशोरवयात कुटुंबासह निसटलेला ज्यू. १९६६ साली त्यानं चार पानांचं टिपण लिहिलं होतं, कल्पना साधी: कोट्यवधी घरांत टीव्ही आहे आणि लोक त्याकडे नुसतं बघत बसतात, त्याच्याशी काही करता येईल का? ओडिसीच्या खोक्यात फासे होते, पत्ते होते, खोट्या नोटा होत्या आणि टीव्हीच्या काचेवर चिकटवायचे रंगीत प्लास्टिकचे पडदे होते. यंत्राला फक्त काही पांढरे ठिपके आणि एक रेघ दाखवता यायची. गुण मोजता यायचे नाहीत, ते तुम्ही कागदावर मांडायचे. पण मला महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. ओडिसीला स्वतःला खेळता येत नव्हतं. समोर यंत्राचा खेळाडू नाही. त्यामुळे बहुतेक खेळांना दुसरं माणूस लागायचंच, आणि खोक्यात दोन कंट्रोलर असायचे. तीन वर्षांनी अटारीनं घरगुती 'पाँग' सिअर्सच्या दुकानांतून विकलं, त्यात तर एकाच डब्याला दोन मुठी होत्या. खेळायचं तर खांद्याला खांदा लावूनच बसायला हवं. १९७७ च्या अटारीच्या कन्सोलबरोबर दोन जॉयस्टिक आणि त्याचा पहिला खेळ दोन रणगाड्यांची मारामारी. सुरुवातीच्या वर्षांत या धंद्यानं बऱ्याच अंशी गृहीत धरलं होतं की एकटा माणूस हे खेळणार नाही.

मग १९८३ चा आपटबार. अमेरिकेत बाजारात इतके टुकार खेळ आले की लोकांनी घेणंच बंद केलं. अटारीनं न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत पुरल्या. ही दंतकथा आहे असं बरीच वर्षं लोक म्हणत, मग २०१४ साली खोदकाम झालं आणि खरोखरच कॅसेटी निघाल्या. अमेरिकन दुकानदार 'व्हिडिओ गेम' हा शब्द ऐकला की हात जोडायला लागले होते. म्हणून निंटेंडोनं १९८५ साली न्यूयॉर्कमध्ये आपलं यंत्र नेलं तेव्हा त्याचा अवतारच बदलला. नाव 'एंटरटेनमेंट सिस्टिम'. रूप व्हीसीआरसारखं, कॅसेट समोरून आत सरकवायची. सोबत एक प्लास्टिकचा रोबो, म्हणजे हे खेळणं आहे असं सांगून दुकानात जागा मिळेल. जागा मिळाली, पण खेळण्यांच्या दुकानात. आणि खेळण्यांच्या दुकानात मुलांची रांग वेगळी असते, मुलींची वेगळी. व्हिडिओ गेम मुलांच्या रांगेत जाऊन बसला. चार वर्षांनी, १९८९ मध्ये, याच कंपनीचं खिशातलं यंत्र आलं, त्याचं नाव 'गेम बॉय'. मुलींनी ते खेळलं नाही असं नाही, भरपूर खेळलं. पण नाव ते नाव.

कोल्हापूरपर्यंत आलं ते अमेरिकेचं यंत्र नव्हतं, जपानचं होतं, आणि त्याचं कारण एका चिपमध्ये आहे. अमेरिकेच्या यंत्रात निंटेंडोनं एक कुलूप बसवलं होतं. कॅसेटमधली चिप आणि यंत्रातली चिप एकमेकींशी बोलल्या नाहीत तर खेळ चालायचाच नाही. जपानच्या फॅमिकॉममध्ये हे कुलूप नव्हतं. कुणीही कॅसेट बनवावी, चालायची. नक्कल करणाऱ्यांना याहून सोयीचं काय असणार? तैवानमध्ये यूएमसी या कंपनीनं फॅमिकॉमच्या मुख्य चिपांच्या नकला बनवल्या, पुढे सगळं यंत्रच एका चिपमध्ये मावलं आणि ती चिप काळ्या रबरासारख्या गोळ्याखाली लपवून बोर्डावर चिकटवली जाऊ लागली. मी आमचं यंत्र उघडलं होतं तेव्हा आत एवढंच होतं. हिरवा बोर्ड आणि मध्ये काळा गोळा, उडदाच्या करपलेल्या वड्यासारखा. मला वाटलं काहीतरी जळलंय.

या काळ्या गोळ्यानं अर्धं जग व्यापलं. रशियात १९९२ साली ते 'डेंडी' नावानं आलं, खोक्यावर हत्ती. पोलंडमध्ये 'पेगासस'. चीनमध्ये सुबोर कंपनीनं त्याला कीबोर्ड जोडला आणि 'शिकण्याचं यंत्र' म्हणून विकलं, जाहिरातीत जॅकी चॅन. आईबापांना पटवायची ही युक्ती इतकी चालली की आमच्या दुकानदाराकडेही कीबोर्डवालं एक मॉडेल होतं, बाराशेचं. बाबा दहा मिनिटं त्याच्या बटणांवरून बोटं फिरवत होते. अडीचशे रुपयांनी ते वाचले, किंवा हुकले.

आणि हे सगळं बेकायदा, हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. खऱ्या मालाचा पर्याय तरी काय होता? सेगा कंपनीचं मेगा ड्राइव्ह १९९५ साली भारतात अधिकृतपणे आलं होतं. आयात कर ८० टक्के, म्हणून शॉ वॉलेस या कंपनीशी करार करून तो चुकवायची व्यवस्था केली, तरी किंमत १८,००० रुपये. शॉ वॉलेस हे नाव तोवर लोकांना दारूच्या बाटलीवरून माहीत होतं. बाबांच्या तेव्हाच्या पगाराचे हे साधारण पाच महिने होतात. मध्यमवर्गीय मराठी घरासाठी निवड दोन कन्सोलमध्ये नव्हतीच. निवड होती नक्कल की सायकल, नक्कल की मिक्सर.

यंत्र घरी आलं. अँटेनाची वायर काढून तिथं याची वायर लावायची, मग टीव्हीचा चॅनल फिरवत राहायचं, मुंग्यांमधून चित्र उमटेपर्यंत. शेजारच्या काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं की यानं पिक्चर ट्यूब जाते. आईनं लगेच नियम केला, दिवसाला एक तास. (जपानमध्ये हडसन या गेम कंपनीचा चेहरा असलेला ताकाहाशी मेइजिन हाच नियम मुलांना सांगत फिरायचा. गेम विकणाराच म्हणतोय एक तास पुरे. आईला हे तेव्हा माहीत नव्हतं, नाहीतर आमचं काही खरं नव्हतं.) कॅसेटवर लिहिलेलं होतं ९९,९९,९९९ गेम. प्रत्यक्षात वीसेक. यादीत तेच खेळ पुन्हा पुन्हा, वेगळ्या लेव्हलपासून सुरू होणारे. 'कॉन्ट्रा', 'मारिओ', 'सर्कस चार्ली', आणि आम्ही ज्याला नुसतं 'टँक' म्हणायचो तो. त्याचं खरं नाव 'बॅटल सिटी', नाम्को कंपनीचा, १९८५ चा, आणि तो अमेरिकेच्या निंटेंडोवर कधी निघालाच नाही. माझा अमेरिकेतला एक सहकारी माझ्याच वयाचा आहे, लहानपणी दिवसरात्र निंटेंडो खेळलेला. त्याला 'टँक' माहीत नाही. माझ्या रशियन सहकाऱ्याला तोंडपाठ आहे.

आणखी एक. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला पन्नास वेळा चित्र काढणारा. जपानचा साठ वेळा. आणि हे खेळ चित्राच्या ठेक्यावर चालायचे. त्यामुळे आपल्याकडे मारिओ जपानच्या मारिओपेक्षा सुमारे एक षष्ठांश हळू पळायचा आणि त्याची ती धूनही तितकीच रेंगाळत वाजायची. पहिल्यांदा यूट्यूबवर मूळ धून ऐकली तेव्हा मला वाटलं, कुणीतरी फास्ट केलीय.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तो बराच वेळ टाळतोय.

फॅमिकॉमला दोन जॉयस्टिक होत्या. त्या यंत्रालाच जोडलेल्या, काढता न येणाऱ्या, म्हणजे दुसरी हरवण्याचा प्रश्न नाही. पण दोन्ही सारख्या नव्हत्या. पहिलीवर 'सिलेक्ट' आणि 'स्टार्ट' ही बटणं होती. दुसरीवर नव्हती. त्यांच्या जागी जपानी यंत्रात एक छोटा माइक होता, मोजक्या खेळांत उपयोगी पडणारा. आमच्या नकलेत माइक काढून टाकला होता आणि बटणंही दिलेली नव्हती. तिथं नुसतं गुळगुळीत प्लास्टिक.

म्हणजे काय, ते सांगतो. खेळ कोणता लावायचा, ते पहिली जॉयस्टिक ठरवणार. एकट्यानं खेळायचं की दोघांनी, ते पहिली ठरवणार. कधी सुरू करायचं, ते पहिली. आणि 'पॉज'सुद्धा पहिलीच. दुसऱ्याला पाणी प्यायचं असेल, नाकावर माशी बसली असेल, दार वाजलं असेल, त्यानं विनंती करायची. आमच्या घरात पहिली जॉयस्टिक कुणाकडे होती हे सांगायला नको.

'कॉन्ट्रा'त तिसऱ्या लेव्हलला धबधबा आहे. उड्या मारत वर चढायचं. एकजण भराभर वर गेला की पडदा त्याच्याबरोबर वर सरकतो आणि खाली राहिलेला पडद्याबाहेर पडून मरतो. कुणी गोळी मारावी लागत नाही. धाकटी तेव्हा दहा वर्षांची होती, हाताला जरा सावकाश. "दादा थांब, दादा थांब," म्हणायची. मी थांबायचो नाही. तिची लाइफ संपली की मी म्हणायचो, आता माझं होईपर्यंत बघ. ती बघायची. एक तासातला बराचसा वेळ ती बघतच असायची. तिच्याच स्कॉलरशिपच्या बक्षिसाकडे.

दोन वर्षांनी अडॅप्टर जळला. नवीन आणला, मग यंत्रच गेलं. तोवर मी दहावीत होतो आणि टीव्हीवर केबल आली होती. धाकटीला सायकल मिळाली ती आठवीत गेल्यावर, आणि ती माझी जुनी, दांडीची. शाळेचा स्कर्ट घालून दांडीच्या सायकलवर कसं चढायचं हे तिनं स्वतःच शोधून काढलं. सायकल तिरकी करायची आणि पाय पुढून टाकायचा. गल्लीतली पोरं हसायची. मला हे तेव्हा दिसत होतं, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. एवढं खरं सांगितलं पाहिजे.

यंत्रांनी पुढे आणखी एक पाऊल टाकलं. १९९४ मध्ये सोनीचा प्लेस्टेशन आला, खोक्यात एकच कंट्रोलर. निंटेंडोचं १९९६ चं यंत्र समोर चार सॉकेट घेऊन आलं, पण खोक्यात कंट्रोलर एकच. तेव्हापासून बहुतेक यंत्रांत तेच. दुसरा हवा असेल तर वेगळे पैसे. दुसरा खेळाडू हा आता ॲक्सेसरी आहे. यामागे लबाडीच असेल असं नाही. यंत्राची किंमत कमी दिसते आणि इंटरनेट आल्यावर दुसरा माणूस दुसऱ्या घरात, दुसऱ्या यंत्रासमोर बसू शकतो. पण दिवाळीच्या सेलमध्ये किंमत बघताना या गोष्टीचा हिशोब करा. 'फॅमिली' म्हणून जे घेताय त्याच्या खोक्यात किती जण मावतात ते बघा. प्लेस्टेशन ५ मध्ये एक. एक्सबॉक्सच्या स्वस्त मॉडेलमध्ये एक. निंटेंडोच्या स्विचला दोन छोटे कंट्रोलर बाजूला लावलेले असतात, काढून एकेक हातात घेता येतात. पण स्विच भारतात अधिकृतपणे विकलं जात नाही. जे मिळतं ते बाहेरून आलेलं, वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर. म्हणजे पुन्हा लक्ष्मीपुरी.

त्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी आम्ही मुलीसाठी कीबोर्ड घेतला, वाजवायचा. मुलानं दोन दिवस तोंड फुगवलं. त्याला सांगितलं, कन्सोल पुढच्या वर्षी, आणि तोवर अर्धे पैसे तू साठवायचे. त्याचा हिशोब आता कपाटाच्या आतल्या बाजूला कागदावर लिहिलेला आहे आणि तो माझ्याकडून गाडी धुवायचे वीस रुपये घेतो.

भाऊबीजेला धाकटी बेंगळुरूहून आली होती. तिला सगळं सांगितलं, मुलाचं वाक्यसुद्धा. ती हसली नाही. फराळाच्या ताटातली चकली मोडत म्हणाली, "त्या सायकलचा रंग कुठला होता, आठवतंय तुला?"

आठवत नव्हतं. मी निळा म्हणालो.

"जांभळा," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, जाता जाता विचारावं तसं, "आणि पुढच्या वर्षी जे घेशील ना, त्याच्या दुसऱ्या रिमोटला स्टार्ट आहे का ते बघून घे."

मागच्या शनिवारी मोबाइल दुरुस्तीसाठी गेलो होतो, शेजारीच गेमचं दुकान होतं. आत जाऊन विचारलं. काउंटरवरचा पोरगा विशीतला असेल. त्याला प्रश्नच कळला नाही. "काका, दोन्ही सेमच असतात," म्हणाला, आणि मला खात्री करून घेता यावी म्हणून दोन कंट्रोलर काढून माझ्यापुढे काचेवर ठेवले.